वुला

तू माझ्या पाठीवर पहिल्यांदा बोट ठेवलंस
तेव्हा मी एकोणीस वर्षांचा.
टोंगाटच्या साखर कारखान्यात पोती उचलत होतो
आणि रात्रीचा घाम तीन महिने आईपासून लपवत होतो.

डाव्या हाताचं मधलं बोट बरगड्यांच्या फटीत सपाट,
त्यावर उजव्याची टिचकी.
पोकळ. पोकळ. जरा खाली, पोकळ.
मग एकदम बद्द,
ओल धरलेल्या भिंतीसारखं.
"ह्याला रवा जास्त लागलाय,"
तू सिस्टर होलिव्हेला म्हणालीस. ती हसली.
मला वाटलं, मी मरणार म्हणून हसतायत.

सव्वा लिटर पाणी निघालं सुईतून.
बाटली उजेडात धरून तू बराच वेळ पाहत राहिलीस,
उसाच्या रसापेक्षा जरा फिकं.
तुझा खापरपणजोबा ह्याच मळ्यात
एक नंबर होता, नाव नव्हे,
हे तू मला फार नंतर सांगितलंस, तेही जाता जाता,
टायर बदलताना.

क्लिनिकच्या गाडीत लसींच्या शीतपेटीशेजारी मृदंग.
"दोघांनाही ऊन सोसत नाही, म्लुंगिसी."
डाव्या तोंडावर ओला रवा थापून तू दाखवलास आवाज जड होताना,
आणि वाजवून झाल्यावर नखानं खरवडताना म्हणालीस,
"पाणी राहिलं की कातडं कुजतं. कळलं?"
कळलं.
माझ्या छातीबद्दल एवढं सोपं
कुणी बोललं नव्हतं.

तुझं झुलू तेव्हा तीन शब्दांचं.
फेफुमुला, श्वास घे.
ख्वेहलेला, खोक.
आणि वुला. उघड.
भर जुलैच्या गारठ्यात
चौदा माणसं कोंबलेल्या टॅक्सीत तू अनोळखी मांडीवरून वाकून
काच खाली करायचीस.
लोक शिव्या द्यायचे. तू पुढची काच खाली करायचीस.

देवळाच्या सभागृहातही तेच.
चेन्नईहून आलेला तो गवई
बाईच्या मृदंगावर गाणार नव्हता.
लोकांनी समजावल्यावर बसला, तोंड आंबट करून,
तर तू म्हणालीस, आता मी वाजवणार नाही,
आधी खिडक्या उघडा.
शेजारी तक्रार करतात हो, अक्का.
करू देत. आवाज बाहेर, हवा आत.
त्या रात्री तू इतकं वाजवलंस
की दुसऱ्या दिवशी बोटं सुजली
आणि सहा जणांची छाती तू
मला वाजवायला लावलीस.
"तुझे हात आता माझे. चुकलास तर मारीन."

ह्या हिवाळ्यात तू खोकू लागलीस.
धूळ आहे, म्हणालीस. ऊस जाळतायत, म्हणालीस.
दुसऱ्यांच्या थुंकीचे डबे
वीस वर्षं तपासायला पाठवणारी बाई,
स्वतःचा द्यायला तिनं सात आठवडे लावले.

नोंदवहीत तुझं नाव माझ्या अक्षरात आहे.
पडायाची, कोगिलाम्बाळ. वय एकसष्ट.
व्यवसायाचा रकाना बोटभर रुंद.
मी 'डॉक्टर' लिहिलं, मग पेन उचललंच नाही,
रेघ समासात गेली.

"ठेव तिथे, घेते मी."
नाही अक्का. माझ्यासमोर.
"मीच शिकवलं तुला हे."
म्हणून तर.
तू गिळतेस. जीभ काढून दाखवतेस, लहान मुलीसारखी, रागानं.
मी कार्डावर खूण करतो. त्रेचाळीस.
बाहेर ओट्यावर तुझी पोरं तालाला बसलीत,
त दि तोम् नम्, त दि तोम् नम्,
कुणी एक सारखा अर्धी मात्रा मागे.

"वाजव," म्हणतेस पाठ करून.
मी बोट ठेवतो.
पोकळ. पोकळ. पोकळ. उजवीकडे, खाली,
बद्द.
माझा हात थांबतो.
"ते यकृत आहे, गाढवा," तू म्हणतेस,
"तिथे तसंच वाजतं. बाहेर त्या थांडेकाला सांग,
मात्रा खातोय.
आणि ती खिडकी कुणी लावली?"